पोराला दहा वेळा सांगितलं, तरी लक्षात का राहत नाही?



"अरे, कालच सांगितलं होतं ना तुला!" हे वाक्य तुम्ही काउंटरवर किती वेळा बोलता? मी रोज बोलायचो.

माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी एक नवीन मुलगा ठेवला. पहिल्याच दिवशी दोन तास बसवून सगळं समजावलं. लाइटला दीडची वायर, गिझरला चारची, एमसीबी कुठली कशाला, सगळं. तो मान हलवत होता. चौथ्या दिवशी त्याने गिझरसाठी दीडचं बंडल दिलं. वायरमनने पाहिलं म्हणून बरं, नाहीतर त्या घरात वायर तापून काय झालं असतं, विचार करा.

"उद्यापासून येऊ नको" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, तुम्ही सांगत होतात तेव्हा सगळं समजलं होतं. गिऱ्हाईक समोर आलं की आठवत नाही."

मी गप्प झालो. कारण समजणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. मी फक्त पहिलंच काम केलं होतं.

मानसशास्त्र काय सांगतं?

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, काही वेळाने तीच पुन्हा पाठ करायची आणि दुसऱ्यांदा किती कमी मेहनत लागली ते मोजायचं. १८८५ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सगळ्यात जास्त असतो, मग तो मंदावतो. अर्थ असलेली माहिती जास्त टिकते हे खरं, पण नव्या पोराला पहिल्या दिवशी आपल्या मालाची नावं निरर्थक अक्षरांसारखीच वाटतात!

दुसरा प्रयोग २००६ चा, अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी यांचा. विद्यार्थ्यांनी काही उतारे दोनदा वाचले. काही उतारे एकदाच वाचले आणि मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचलेलं जास्त आठवत होतं. पण आठवड्यानंतर चित्र उलटं! आठवून लिहिलेल्यातलं सुमारे ५६ टक्के लक्षात होतं, नुसत्या वाचलेल्यातलं ४२ टक्के.

म्हणजे पुन्हा पुन्हा सांगितल्याने आपल्याला वाटतं की शिकवलं. डोक्यात पक्कं होतं ते मात्र समोरच्याने स्वतः आठवल्यावर.

मी काय बदललं?

१. दिवसाला तीनच गोष्टी. दोन तासांचं भाषण बंद.

२. सांगायच्या आधी विचारायचं. त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. मधे थोडं विसरू द्यायचं. आठवायला जोर लागला की ते जास्त टिकतं.

३. प्रश्न गिऱ्हाइकाच्या भाषेत. "चारची वायर कशाला?" असं नाही, तर "बाथरूममध्ये गिझर बसवायचाय, काय काय लागेल?" असं. काउंटरवर जसं आठवायचंय, सरावही तसाच हवा.

४. चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगायचं, पण गिऱ्हाइकासमोर ओरडायचं नाही. घाबरलेला पोरगा विचारायचं बंद करतो आणि अंदाजाने माल देतो. आपल्या धंद्यात अंदाज महागात पडतो.

तो मुलगा आजही माझ्याकडे आहे. अधूनमधून चुकतो, पण खात्री नसेल तर "दादा, एक मिनिट" म्हणून विचारतो. आणि नवीन पोराला आता तोच तयार करतो.

आज दुकान बंद करताना एवढंच करा. तुमच्या माणसाला काही सांगू नका, सकाळी शिकवलेल्या तीन गोष्टी त्यालाच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत दहा सेकंद थांबा. खरं सांगतो, ते थांबणं आपल्यालाच सगळ्यात जड जातं!