गारदी, जमादार आणि तोफगाडा : प्लास्टिकच्या शिपायावरचे हातकाम

फ्लेक्स आला आणि पाट्या रंगविणाऱ्या पेंटरच्या हातचा शून्य नंबरचा ब्रश सुटला. दीपनगरच्या वीज केंद्रावर ठेकेदाराकडे काम करणाऱ्या फिटर, वायरमन बांधवांची स्थितीही काही वेगळी नाही. शटडाऊनचे काम आहे तोवर रोजी, नंतर घरी. अशा बारीक हाताच्या कारागिरांसाठी आज एका अनोळखी धंद्याची माहिती देत आहोत.

विलायतेत मोठी माणसेही टेबलावर शिपाई मांडून जुनी युद्धे खेळतात. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ साली या खेळाचे नियम पुस्तकरूपाने छापले होते. तेव्हा शिपाई शिशाचे असत. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीने प्लास्टिकचे इंचभर उंचीचे शिपाई पाकिटातून विकायला काढले आणि खेळ सामान्य घरात गेला. आज २८ मिलिमीटरचे, हातपाय-डोकी सुटी असलेले साचेही मिळतात. परंतु ही पाकिटे बहुतेक युरोपच्या लढायांची. आपल्याकडच्या फौजा त्यात क्वचितच सापडतात. म्हणून शौकीन लोक एका शिपायाचे डोके काढून दुसऱ्याला लावतात, टोपीच्या जागी पगडी चढवतात. या बदलाच्या कामाला आपल्या कारागिराचा हात चालू शकतो.

विषयांची तर आपल्या भागात वाण नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण लढली. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. आणि मालेगाव! मोसम नदीकाठचा तो किल्ला १८१८ च्या मे-जूनमध्ये अरब शिबंदीने इंग्रजांविरुद्ध महिनाभर लढवला. शेवटी दारूचे कोठार उडाले तेव्हा शरण जावे लागले. मालेगावच्या यंत्रमागावर बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

आता कामाकडे वळू. समजा, आपल्याला त्या किल्ल्यातला अरब जमादार करायचा आहे. आधी प्लास्टिक ओळखा. तुकडा साध्या पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिथिन. ते मेणचट असते, त्यावर रंग टिकत नाही, डिंक धरत नाही. बुडाला आणि कडक असला तर बहुधा पॉलिस्टायरिन. हे कामाला उत्तम. त्याच्या द्रावणाने दोन तुकडे एकमेकांत विरघळून एकजीव होतात. पण थिनरपासून सांभाळा. प्रस्तुत लेखकाने पहिला शिपाई रंग उतरविण्यासाठी रात्रभर एन.सी. थिनरमध्ये ठेवला, सकाळी वाटीत गोंदासारखा चिकट थर तेवढा उरला होता.

कोटधारी युरोपीय बंदुकवाला घ्या. कॉलरच्या रेषेवर ब्लेडने डोके कापा, मानेत बारीक भोक पाडून शिवणकामाच्या सुईचा तुकडा बसवा आणि डोके किंचित वळवून चिकटवा. तेवढ्या वळणाने त्याच साच्यातले दहा शिपाई दहा माणसे वाटतात. मग टोपी तासून काढा. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे मळून शेवयांसारख्या वळ्या करा, दोन वळ्यांना पीळ देऊन तिरप्या गुंडाळा. बोट ओले ठेवा, नाहीतर सगळे बोटालाच येईल. कोटाची शेपटी कापून त्याच लुकणाने घोळदार अंगरखा करा. कमरेला समोर वाकडा जंबिया हवा. अरब शिपायाची खूण तीच. बंदुकीचा चाप छाटून तारेने नळी लांबवा, म्हणजे तोड्याची बंदूक झाली. खालची जमीन करायला पांढऱ्या डिंकात वाळू पुरते. दीपनगरची राखही चालते, मात्र तोंडाला फडके बांधूनच. ती बारीक धूळ छातीला वाईट. पीव्हीसी पाइपचा तुकडा तापल्या तारेने कापू नका, त्याचा धूर तेजाबी असतो.

एक प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल, की जिवाची आकृती करणे आपल्याला चालते का? हजरत आयेशा (र.अ.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, हे बुखारी व मुस्लिम शरीफमध्ये आले आहे. त्यावरून मुलांच्या खेळण्यांना मुभा देणारे उलेमा आहेत, आणि ती मुभा न मानणारेही आहेत. शिवाय हे गिऱ्हाईक मुलांचे नाही, मोठ्यांचे आहे. तेव्हा आपल्या विश्वासातल्या आलिमला विचारूनच पाऊल टाकावे. ज्यांचे मन घेणार नाही त्यांना या धंद्यात दुसरे काम भरपूर आहे: तोफगाडे, दारूचे पेटारे, तंबू, बैलांविना गाड्या, किल्ल्याचे बुरूज आणि दरवाजे. आमच्या मते कमाईही याच बाजूला जास्त, कारण शिपाई शंभर जण करतात, चांगला बुरूज थोडेच करतात. पुण्या-साताऱ्याकडे दिवाळीत मुले अंगणात किल्ले करतात, तिथेही हा माल खपण्यासारखा आहे.

दुसरी बाब व्यवहाराची. विकत घेतलेला शिपाई बदलणे निराळे आणि कंपनीच्या शिपायाचा रबरी साचा काढून त्याच्या नकला विकणे निराळे. दुसरा प्रकार म्हणजे परक्याचा माल आपल्या नावावर खपविणे. त्यात कायद्याचाही बडगा आहे. साचा काढायचाच तर आपण घडविलेल्या बुरुजाचा किंवा तोफगाड्याचा काढा.

भाव लावताना नगाकडे पाहू नका, वेळेकडे पाहा. एका जमादाराला कापणे, भरणे, सुकविणे, रंगविणे धरून पूर्ण दिवस सहज जातो. दिवसाची रोजी सुटत नसेल, तर तो शौक झाला, धंदा नव्हे. गिऱ्हाईक गावात मिळणार नाही. बाहेरगावी, बाहेरदेशी शोधावे लागेल आणि फोटो नीट काढता आला पाहिजे. म्हणून हातातले काम सोडून यात उतरू नये. आधी सहा नग करा, ओळखीच्या शौकिनाला दाखवा. डोळ्यांचा चष्मा बदलायला झाला असेल तर तो आधी बदलून घ्या.