वाळूच्या खाणीत पक्षी आले कसे? समजून घ्या अ‍ॅटनबरोची गोष्ट

वाळूउपसा म्हटलं की आपल्याला खचलेले काठ आणि धोकादायक खड्डे आठवतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळ मात्र अशाच खड्ड्यांत आजवर 250 हून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. या जागेचं नाव अ‍ॅटनबरो नेचर रिझर्व्ह.

खड्ड्यांचे तलाव कसे झाले?

ट्रेंट नदीने हजारो वर्षांत आपल्या काठच्या सखल जमिनीत वाळू आणि गोट्यांचे थर साठवले. बांधकामासाठी ते काढायला इथे 1929 मध्ये सुरुवात झाली. नदीकाठी थोडं खोदलं तरी पाणी लागतं. त्यामुळे खोदकाम पुढे सरकलं की मागे तलाव उरायचा. 1966 मध्ये डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी या राखीव क्षेत्राचं उद्घाटन केलं. गावाला त्यांचं नाव दिलेलं नाही, ते नाव शेकडो वर्षं जुनं आहे.

पाणी आलं की पक्षी येतातच का?

नाही. प्रत्येकाची गरज वेगळी असते. पाणकावळा खोल पाण्यात बुडी मारून मासे पकडतो. थापट्या बदक रुंद चोचीने पाणी गाळून खातं, म्हणून त्याला उथळ पाणी लागतं. (हाच थापट्या हिवाळ्यात आपल्या नांदूर मध्यमेश्वरलाही दिसतो.) बगळ्यांच्या कुळातल्या बिटर्नला लपायला बोरूसारखं दाट, उंच गवत हवं. सुरय तर उघड्या गोट्यांवरच अंडी घालतो.

मग अडचण कुठे आहे?

उघडे गोटे फार काळ उघडे राहत नाहीत. आधी गवत उगवतं, मग विलोची झाडं. मोकळ्या वाहणाऱ्या नदीत पूर ही बेटं पुन्हा धुऊन काढतो. बंद पडलेल्या खाणीत ते काम माणसांना करावं लागतं. झाडं छाटायची, बेटं साफ ठेवायची, पाण्याची पातळी सांभाळायची. हे थांबलं, तर सुरयसारखे पक्षी निघून जातात.

जमिनीची मालकीही महत्त्वाची ठरते. ही जमीन बराच काळ खाण कंपनीकडेच होती. 2020 मध्ये नॉटिंगहॅमशर वाइल्डलाइफ ट्रस्टने लोकांकडून देणग्या जमवून ती विकत घेतली.

याचा अर्थ वाळूउपसा चांगला असा होतो का?

अजिबात नाही. इथले खड्डे नदीच्या पात्रात नव्हते, काठच्या जमिनीत होते. पात्रातून वाळू काढली, तर गोट्यांवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागाच जाते. अ‍ॅटनबरोत पक्षी टिकले, कारण खाण संपल्यावर कोणीतरी त्या जागेची जबाबदारी घेतली.