खणेल त्याची खाण

इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बीशरच्या चुनखडीच्या टेकड्यांवर, पूर्वी जागोजागी छोटे लाकडी रहाट रोवलेले असत. घाट खाणीच्या तोंडावरच्या रहाटाचा, पण आकार एवढासा की त्याने एक टोपलीही वर ओढता येऊ नये. त्याचे काम वेगळेच होते. तो उभा आहे तोवर खालची शिशाची शीर कोणाची तरी आहे, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. कुंपण नाही, मोहोर लावलेला कागद नाही. चार लाकडे एकमेकांत अडकवलेली, आणि ती कायद्याने ग्राह्य!

आणि ज्या शेतात तो रहाट उभा असे, ते शेत बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचे तरी असे. या भागातल्या मोठ्या मुलखाला ‘किंग्ज फील्ड’ म्हणत. तिथे शिसे शोधायला कोणीही, कोणाच्याही रानात कुदळ मारू शके. राहते घर, बाग, फळबाग, चर्चची दफनभूमी आणि हमरस्ता एवढ्या जागा वर्ज्य. बाकी जमीनमालक कितीही तालेवार असो, त्याला विचारायची गरज नव्हती. खाण सापडली की हमरस्त्यापर्यंत जायला वाट आणि खनिज धुवायला पाणी हेही खाणकऱ्याच्या हक्कात बसे.

हे आले कुठून? रोमन लोक इथे शिसे काढत होते. त्यांनी अक्षरे उठवलेल्या शिशाच्या जड लाद्या इथल्या मातीत सापडल्या आहेत. पण रिवाजाचा पहिला मोठा लेखी पुरावा 1288 सालचा. पहिल्या एडवर्ड राजाने ॲशबर्न गावी चौकशी बसवली आणि स्थानिक पंचांनी शपथेवर सांगितले की, ही वहिवाट कोणाच्याही आठवणीपलीकडची आहे. मला हा तपशील फार मोठा वाटतो. 1288 साली जे लोक ‘हे फार जुने आहे’ म्हणत होते, ते कुठल्या काळाकडे बोट दाखवत असतील!

नवी शीर सापडली की खाणकरी पहिले खनिज एका मापात भरून बारमास्टरपुढे ठेवी. बारमास्टर हा खाणींचा अधिकारी. मोजणी, नोंद, वाटप सगळे त्याच्या हाती. त्या मापाला ‘डिश’ म्हणत. आठव्या हेन्रीच्या काळात घडवलेले प्रमाण माप वर्क्सवर्थ गावाने जपून ठेवले आहे: लांबट, काशाचे, वर कोरीव मजकूर, आणि आत पावणेआठ लिटरांच्या आसपास जागा. दिसायला ते पाण्याच्या पन्हाळीसारखे, पण गॅलेनाने, म्हणजे शिशाच्या खनिजाने, भरले की एका माणसाला उचलताना घाम फुटावा. हे एक माप दिले की शीर शोधणाऱ्याच्या नावावर चढे. तिची मोजणी लांबीत होई. ‘मीअर’ हे एकक, गावागणिक 25 ते 29 मीटरांचे. शोधणाऱ्याला दोन मीअर, त्याच्या लगतचा एक राजाचा, पुढचे जो मागेल त्याचे. खोलीला मर्यादा नाही. इथल्या शिरा कड्यासारख्या उभ्या खाली गेलेल्या, म्हणून शिरेची लांबी मोजली की पुरे. खाली जेवढा दम असेल तेवढे जा. खनिज निघू लागले की मोजून तेरावी डिश राजाची, आणि चर्चचा दशांश वेगळा.

पण या हक्काचा खरा प्राण पुढेच आहे. शीर नावावर करून घरी बसायची सोय नव्हती. खाण बंद पडलेली दिसली आणि दुसऱ्या कोणी मागणी केली, तर बारमास्टर तिथे जाऊन रहाटाच्या दांड्याला चाकूने एक खाच पाडी. ठरलेल्या मुदतीनंतर दुसरी. मग तिसरी. तेवढ्यातही मालक कामाला लागला नाही, तर खाण मागणाऱ्याची झाली. खाणीत पाणी भरले असेल किंवा आत हवाच खेळत नसेल, तर मात्र सूट. कारण तो आळस नव्हे. मालकी हातातल्या कामावर टांगलेली, आणि ती कुठवर सुटत आली आहे हे त्याच लाकडावर सगळ्यांना वाचता येई, निरक्षरालासुद्धा.

काम चालू असेल तोवर हा हक्क विकता येई, वारसाने येई, वाटून घेता येई. चोविसावा हिस्सा, अठ्ठेचाळिसावा, शहाण्णवावा असे तुकडे पडत. बारमास्टरच्या वह्यांत हे व्यवहार नोंदले जात. वर मेंढ्या चारणाऱ्याला त्याच्या पायाखालच्या शिरेचे हिस्सेदार कोण, हे ठाऊकही नसेल!

पाण्याची सूट होती, पण पाणी काढणे भाग होते. म्हणून टेकड्यांच्या पोटातून निचऱ्याचे लांब बोगदे खणले गेले, आणि खणणाऱ्यांना मोबदला म्हणून कोरड्या झालेल्या खाणींच्या खनिजात वाटा मिळे. क्रॉमफर्डच्या अशाच एका बोगद्याचे पाणी रिचर्ड आर्कराइटने 1771 साली आपल्या सूतगिरणीची चाके फिरवायला वापरले. यंत्रयुगाच्या आरंभीच्या त्या गिरणीमागे शिशाच्या खाणीतून निचरलेले पाणी होते.

शिरा जमिनीखाली एकमेकींना छेदतात, आणि तिथे मोजपट्टी अपुरी पडते. शेल्डन गावाजवळच्या मॅगपाय आणि रेड सॉइल या खाणींचे असेच झाले. शीर कोणाची यावर वर्षानुवर्षे भांडण. भुयारे एकमेकांत फुटली, आणि दोन्हीकडचे लोक आगी पेटवून एकमेकांना धुराने बाहेर काढू लागले. 1833 साली रेड सॉइलचे तीन कामगार त्या धुरात गुदमरून मेले. मॅगपायच्या कामगारांवर खुनाचा खटला चालला, सगळे सुटले. मेलेल्यांच्या विधवांनी खाणीला शाप दिला, असे तिथे आजही सांगतात. एवढ्या शहाण्या रिवाजालाही अंधारातली हद्द नीट आखता आली नाही, याचे वाईट वाटते.

1851 आणि 1852 साली संसदेने हे रिवाज कायद्यात बसवले. खाणकऱ्यांचे न्यायालय, बारमोट, वर्क्सवर्थच्या मूट हॉलमध्ये अजूनही भरते. बारमास्टर असतो, पंच असतात, मातीचे चिलीम-पाइप आणि तंबाखू वाटली जाते. शिशाचे खाणकाम तिथे केव्हाच थांबले आहे.

या रिवाजाने खाणकऱ्याला फक्त शिसे दिले होते. शिरेत सोबत येणारा फ्लोरस्पार आणि बराइट त्याच्या लेखी कचरा. तो उकरून बाहेर ढिगावर फेकायचा. विसाव्या शतकात पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांना फ्लोरस्पार हवा झाला, तेव्हा तेच जुने ढीग पुन्हा उपसले गेले. पण फ्लोरस्पारचा हक्क जमीनमालकाचा. ज्याच्या रानात शतकानुशतके न विचारता कुदळ पडत होती, त्याच्याकडे आता परवानगी मागावी लागली.