कथेतला खून आणि कायद्याचं कलम

कॉलेजच्या अंकांत एक तरी रहस्यकथा असतेच. शेवटच्या परिच्छेदात इन्स्पेक्टर बेड्या घालतो आणि गुरगुरतो, "दफा तीनसौ दो!" (हिंदी पिक्चरची कृपा.) पण कथा आजची असेल तर हे वाक्य चुकलं. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३ आहे, आणि आपली लाडकी 'चारसोबीस' ३१८ मध्ये गेली! मात्र गुन्हा त्या तारखेच्या आधी घडलेला असेल तर ३०२ च लागतं. तेव्हा आधी तारीख ठरवा.

आकडा काय, पुस्तकात सापडतो. खरी अडचण पुढे आहे.

समजा, हॉस्टेलच्या गच्चीवर एकाने दुसऱ्याला ढकललं आणि तो गेला. मारायचं म्हणूनच त्याला कठड्याजवळ बोलावलं होतं, तर तो खून. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. आधी काहीच ठरलेलं नव्हतं, शब्दाने शब्द वाढला आणि रागाच्या भरात ढकललं, तर तो 'सदोष मनुष्यवध' ठरू शकतो, कलम १०५. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा शब्द तीनदा वाचावा लागतो.) आणि नुसती बेफिकीर मस्करी चालली होती, तर निष्काळजीपणाने मृत्यू, कलम १०६, जास्तीत जास्त पाच वर्षं. गच्ची तीच, प्रेत तेच. फरक फक्त ढकलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होतं याचा. ते लेखकानेच ठरवलं नसेल तर बिचारे पोलीस काय लिहिणार?

दरोड्याचंही तसंच. चार जणांनी चाकू दाखवून लुटलं तर ती जबरी चोरी. पाचवा नुसता दाराशी पहारा देत उभा असला तरी तो दरोडा होतो. त्या दरोड्यात एकाने खून केला, तर पाचही जणांना फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते. चाकूला हातही न लावलेल्या त्या पाचव्याची कथा कुणीतरी लिहाच!

आणि हो, पोलिसांनी एफआयआरमध्ये १०३ लावलं म्हणजे संपलं असं नाही. ते दोषारोपपत्र देतात, पण आरोप निश्चित करतं कोर्ट, आणि ते १०५ वरही येऊ शकतं. तोवर तुमचा नायक कोठडीत बसून वाट बघतोय...