बोटीच्या गिअरची दुरुस्ती : खोलण्याआधी ओळखा
तेल कोठून गळते, गिअर का स्लिप होतो? गॅरेज-कारागिरांसाठी उपयुक्त माहिती

मोटारीचा गिअर रस्त्यात बिघडला तर गाडी ढकलून कडेला लावता येते. बोटीचा गिअर जलाशयाच्या मधोमध बिघडला तर वारा नेईल तिकडे बोट जाते, आणि आत बसलेली माणसेही तिच्याबरोबर जातात. म्हणून बोटीच्या दुरुस्तीत अंदाजाला जागा नाही.

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या जलाशयावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने बोट क्लब उभारला. राज्यात इतरही धरणांवर यांत्रिक बोटी आल्या. समुद्रकिनाऱ्यावर या कामाचे जाणकार पूर्वीपासून आहेत, पण घाटावरच्या शहरांत ते थोडे. येथील गॅरेजांत मात्र ट्रकचा गिअरबॉक्स उतरवून पुन्हा बसविणारे हुन्नरी हात पुष्कळ आहेत. बेअरिंग, ऑइल सील, क्लच त्यांना नवे नाहीत. शिकायची आहे ती पाण्यातल्या यंत्राची तऱ्हा.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे काय?

लहान बोटींना बहुधा आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगलेले संपूर्ण इंजिन असते. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला लागून बसते आणि गिअर व पंखा असलेला पाय त्या भिंतीबाहेर पाण्यात असतो. व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने ही रचना बाजारात आणली. १९६१ साली अमेरिकेतील ‘मर्क्रूझर’ आला. मोठ्या स्पीडबोटींत ही रचना आढळते. आउटबोर्डचा खालचा गिअरही याच जातीचा असल्याने पुढील बरीचशी माहिती दोन्हींना लागू पडते.

गळतीची पारख

प्रथम कोणते तेल गळते ते ओळखावे. गिअर ऑइल घट्ट असते व त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिन ऑइल वापरून काळे पडलेले असते. पाय वर-खाली करणाऱ्या ट्रिमच्या हायड्रॉलिक सिलिंडरचे तेल पातळ असते. पॉवर स्टिअरिंगचे तेल पुष्कळदा लाल असते. बोट बाहेर काढून पाय स्वच्छ धुवावा, कोरडा करावा आणि खाली पांढरा पुठ्ठा ठेवून रात्रभर तसाच सोडावा. सकाळी डागाचा रंग, वास आणि जागा यांवरून निम्मे निदान होते.

पंख्याच्या मागून तेल येत असेल तर पंखा काढून शाफ्ट पाहावा. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा तेथे गुंडाळला जातो आणि सील कापतो. आपल्या जलाशयांवर मासेमारी चालते, तेव्हा ही शक्यता आधी तपासावी. या जागी बहुधा दोन सील असतात. एकाची ओठ आतल्या बाजूस तेल अडविण्यासाठी, तर दुसऱ्याची बाहेरच्या बाजूस पाणी अडविण्यासाठी. दोन्ही एकाच दिशेने बसविले तर नवे सीलही कामाचे नाही. बाजारात त्याच मापाचे साधे सील स्वस्तात मिळते, परंतु त्याची स्प्रिंग साध्या पोलादाची असेल तर पाण्यात गंजते. स्टेनलेस स्प्रिंगचेच सील घ्यावे.

तेल बदलताना खालचा स्क्रू आधी किंचित ढिला करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने बोट काही तास उभी असेल तर आत शिरलेले पाणी प्रथम बाहेर येते. तेल दुधाळ दिसले तर पाणी त्यात घुसळले गेले आहे असे समजावे. चुंबकावर बारीक करडी पूड असणे साधारण गोष्ट आहे. पत्र्यासारखे तुकडे निघाले तर मात्र गिअर खोलणे आले.

गळतीची जागा सापडत नसेल तर तेल काढून पायात हवा भरावी. दाब किती ठेवायचा ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावे. तो साधारणतः चौरस इंचाला दहा-बारा पौंडांच्या आसपास असतो. टायरच्या पंपाने मनमानी हवा भरली तर चांगली सीलेही फुटतील. साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत आणि शाफ्ट हाताने फिरवीत राहावे, कारण काही सीले एका विशिष्ट जागीच गळतात. त्यानंतर निर्वात चाचणीही घ्यावी. आतून तेल अडविणारे सील बाहेरून पाणी अडवीलच असे नाही.

आणखी एक जागा विसरली जाते. बोटीची मागची भिंत आणि पाय यांच्यामध्ये रबरी भाता असतो. त्याच्या आत युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपला क्रॉस, फिरतो. भात्याला चीर पडली की पाणी आत जाते, क्रॉस व बेअरिंग गंजतात, आणि अखेरीस पाणी बोटीतही शिरू शकते. वळताना मागून घरघर ऐकू आली तर भात्याची एकेक घडी उघडून पाहावी.

गिअर स्लिप होतो, की वाटतो?

‘इंजिन ओरडते, बोट पुढे जात नाही,’ ही ग्राहकाची नेहमीची तक्रार. येथे घाईने गिअर खोलणारा कारागीर ग्राहकाचा पैसा आणि स्वतःचा दिवस दोन्ही घालवितो. कारणे स्वस्त ते महाग या क्रमाने तपासावीत.

पहिले कारण हवा. पाय जास्त वर उचललेला असला किंवा बोट जोरात वळविली तर पंखा पाण्याऐवजी हवा कापतो आणि इंजिनाचे फेरे एकदम वाढतात. ट्रिम खाली घेताच बोट पुन्हा पकड घेत असेल तर गिअर निर्दोष आहे.

दुसरे कारण पंख्याचा रबरी हब. पंखा शाफ्टला ज्या रबरी बुशाने धरलेला असतो ते बुश सुटले की बोट हळू चालते, पण जोर देताच मागे राहते. तपासणी सोपी आहे. हबच्या आतल्या व बाहेरच्या भागावर मिळून एकच सरळ रेघ मारावी आणि बोट भाराखाली चालवून आणावी. रेघ तुटली तर दोष पंख्याचा. पंखा बदलला की काम झाले.

तिसरे कारण कपलर. इंजिन आणि शाफ्ट यांना जोडणारे रबर जळाले तर जळक्या रबराचा वास येतो आणि शाफ्ट फिरत नाही. ही तपासणी पंखा काढून आणि पाण्याचा मफ लावूनच करावी. पाण्याशिवाय इंजिन चालविले तर पंपाचा रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतो.

चौथे कारण केबल. ती ताणली किंवा आत पाणी जाऊन जड झाली की गिअर पूर्ण पडत नाही. ती नीट केल्याविना क्लचला दोष देऊ नये.

इतके झाल्यावर क्लच. ‘मर्क्रूझर’च्या ‘अल्फा’त दात्यांचा डॉग क्लच असतो. दाते झिजले की ‘कड् कड्’ आवाज करीत गिअर उडतो. तो हळूहळू, घासत टाकण्याची चालकाची सवय यास पुष्कळदा कारणीभूत असते. इंजिन संथ ठेवून गिअर एका ठाम हालचालीने टाकावा. ‘ब्राव्हो’मध्ये व व्होल्वोच्या अनेक पायांत शंकूच्या आकाराचा क्लच असतो. तो आवाज न करता भाराखाली सरकतो. शंकू गुळगुळीत झाला किंवा चुकीचे तेल भरले तरी असे होते. फक्त पुढचाच किंवा फक्त मागचाच गिअर सरकत असेल तर त्या बाजूचा शोध घ्यावा.

जबाबदारीचे काम

इंजिन पेट्रोलचे असेल तर ते चालू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे ब्लोअर चालवावा, कारण पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साचते. पंख्याला हात लावण्यापूर्वी चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. दुरुस्तीनंतरची चाचणी प्रवाशांना घेऊन किंवा त्यांच्या वाटेवर कधीही करू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असताना ताबा सुटलेली नौदलाची बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून अधिक माणसे दगावली. यंत्र कोणाचेही असो, चाचणीची जागा मोकळीच हवी.

१९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ साली अंतर्देशीय जलयान कायदा आला. यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी हा त्याचा गाभा आहे. तेव्हा कागदावर नोंद ठेवणारा कारागीर पुढे टिकेल. प्रत्येक बोटीसाठी वही करावी. तक्रार, इंजिनाचे तास, काढलेल्या तेलाचा रंग, भरलेल्या तेलाचे माप, बदललेल्या सीलचा क्रमांक हे सर्व त्यात असावे. गिअर ऑइल दर शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलावे. ते नेहमी खालच्या छिद्रातून वर चढवावे व वरच्या छिद्रातून वाहू लागले की थांबावे, म्हणजे आत हवा अडकत नाही.

शिकू इच्छिणाऱ्या मुलाने आयटीआयमधील मोटार किंवा डिझेल मेकॅनिकचा पाया पक्का करावा आणि एखाद्या जाणत्या उस्तादाच्या हाताखाली एक हंगाम काढावा. ज्या ग्राहकाचे काम पंखा बदलून भागले त्याला पूर्ण गिअरचे बिल न देणारा कारागीर एका जलाशयावरून दुसऱ्या जलाशयावर नावाने ओळखला जातो. या धंद्यात त्याहून मोठी जाहिरात नाही.