सव्वीस आठवड्यांचं गणित

आपल्या घरांत सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की लेक माहेरी येते. आता ती बहुधा नोकरी करणारी असते. म्हणून निघण्याआधी रजेचा हिशेब मांडायला हवा. त्यावर बाळाचं दूध अवलंबून असतं.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 1961च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. म्हणजे बरोबर सहा महिने.

पण गोम पुढे आहे. यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ते सगळे आधीच घेतले, तर नंतर उरतात 18, म्हणजे जेमतेम चार महिने. मग "आता वरचं दूध लावा" असं सुरू होतं. तब्येत ठीक असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर रजा उशिरा सुरू करावी. बाग सेवनियात बसून पुण्या-बंगळुरूचं काम करणारे आपल्यात कितीतरी आहेत. तसाच लॅपटॉप माहेरीही नेता येतो. रजा संपल्यावर कामाचं स्वरूप पाहून घरून काम करण्याबद्दल कंपनीशी बोलायची सोयही कायद्यात आहे.

कामावर परतल्यावरही हक्क संपत नाहीत. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त रोज दोनदा दूध पाजण्यासाठी वेळ मिळतो. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. नोकरी लागतानाच हे लाभ लेखी कळवणं 2017च्या दुरुस्तीने मालकावर बंधनकारक केलं होतं. तेव्हा नेमणुकीची कागदपत्रं काढून बघा आणि एचआरला मेल करा.

दुधाच्या पावडरीबद्दलही कायदा आहे. 1992च्या कायद्याने पावडर आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आईला फुकट नमुने द्यायला बंदी आहे. डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटोही चालत नाही. डॉक्टरांनी गरज म्हणून पावडर सांगितली, तर ती जरूर द्यावी. आईने मनाला लावून घेऊ नये. पण दुकानदाराच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून डबा आणू नये.

आता एक आपल्याच घरातली गोष्ट. आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंना यातली एकही रजा लागू नाही. पात्र असतील, तर पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे 5,000 रुपये मिळतात. अंगणवाडीत नाव नोंदवायला त्यांना मदत करा. आणि त्या बाळंतपणाला गेल्या की त्यांचा पगार चालू ठेवा. चार घरांनी मिळून ठरवलं तर कुणालाच जड जाणार नाही, आणि त्यांच्या बाळालाही आईचं दूध पुरेल.