उघड्या काँक्रीटचे फोटो कोण काढणार?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरिक या औद्योगिक नगरीत कोणत्या कंपनीचे किती हजार कोटी येणार, हे आता शहरात सगळ्यांना पाठ आहे. त्या बातमीसोबतचा फोटो मात्र बहुतेकदा तोच: 2019च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलेला औरिक हॉल. औरिकच्या शेंद्रा भागात दुसरं टिपण्यासारखं आहे तरी काय, सगळ्या पत्र्याच्या शेड, असं म्हणणारे भेटतात. त्यांना कानविंदे दाखवावेत.

वास्तुविशारद अच्युत कानविंदे मूळचे कोकणातल्या आचऱ्याचे. जे.जे.मध्ये शिकले, पुढे हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेतल्या वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली. सत्तरच्या दशकात त्यांनी मेहसाण्याची दूधसागर डेअरी उभारली. आतली गरम हवा बाहेर काढायला छतावर काँक्रीटचे उंच झडप-मनोरे बांधले आणि तेच इमारतीचा चेहरा झाले. म्हणजे कारखानाच, पण बघत राहावा असा.

अशा वास्तूंचा फोटोग्राफर म्हणजे दिल्लीचे मदन महत्ता. घरचा स्टुडिओ कॅनॉट प्लेसमध्ये. कानविंदे, राज रेवाल, चार्ल्स कोरिया या वास्तुविशारदांची कामं त्यांनी कृष्णधवल फिल्मवर टिपली. वास्तुविशारदांच्या कामाची नोंद म्हणून काढलेले हे फोटो 2012 साली गॅलरीत लागले. त्यांची खरी किंमत कळली ती एप्रिल 2017मध्ये. प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स, रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांचं 1972चं काम, एका रात्रीत जमीनदोस्त झालं. वारसा ठरायला साठ वर्षं पूर्ण हवीत, असा सरकारी निकष आडवा आला होता. आता ते बघायचं तर महत्तांच्या फोटोत.

हल्ली मोबाइलवर काळंकुट्ट आभाळ आणि निर्मनुष्य भिंत दाखवणारे काँक्रीटचे फोटो बरेच फिरतात. मला ते नाटकी वाटतात. गिलावा न केलेल्या भिंतीवर शटरिंगच्या फळ्यांच्या रेषा उमटतात, कुठे हनीकोंब, म्हणजे काँक्रीट नीट न भरल्याची पोकळी, राहून जातो. तो मिस्त्रीच्या हाताचा ठसा. दुपारच्या उन्हात तो पुसटतो. सकाळी ऊन तिरपं पडलं की एकेक फळी मोजता येते.

जर्मनीच्या बेशर दांपत्याने पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कोळसाखाणींचे मनोरे आयुष्यभर टिपले. 1990च्या व्हेनिस बिनालेत त्यांना चक्क शिल्पकलेचं पारितोषिक मिळालं. टाक्या आपल्याकडे कमी आहेत का? येत्या रविवारी सकाळी लवकर निघा, गावातली जुनी टाकी टिपा, आणि ती कोणत्या साली, कोणी बांधली हे फोटोमागे लिहून ठेवा.